तोंड कुठल्या बाजूला

सुरुवात पहिली

आदरणीय डीकन रॅटरे, स्मृती समितीचे सभासद, किंग्स्टनहून आलेले पाहुणे आणि ग्रेपट्रीचे माझे गावकरी. मिस युलाली पेनीकुक या साक्षात देवदूत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू कधीच मावळ

नाही. खोडलं.

कुठलं हसू? या बाईच्या हाताखाली मी अर्धं आयुष्य काढलं. ती हसायची ती फक्त डॉमिनोच्या डावात लबाडी करून जिंकल्यावर. आणि लबाडी कुणाशी, तर ज्याला हातात चमचा धरवत नाही अशा माणसाशी. एकदा न राहवून मी म्हटलं, "मिस युला, एक डाव जिंकू द्या की त्याला." तर माझ्यावरच डोळे वटारले. "का? मरतोय म्हणून? मरतोय तो. तान्हं बाळ नाही झालेला."

हे भाषणात चालायचं नाही. डीकन, म्हणजे आमच्या चर्चचे कारभारी आणि समितीचे प्रमुख, यांनी बजावून ठेवलंय: तिला जाऊन वर्ष झाल्याचा सोहळा आहे, पाच मिनिटं, स्फूर्ती देणारं काहीतरी, आणि डॉमिनोचा विषय नको, चर्चची मंडळी असणार आहेत.

मधेच

"डेल!" स्वयंपाकघरातून आयोनी ओरडली. "गॅस गेला! बोकड अर्धं शिजलंय आणि गॅस गेला!"

"दुसरी टाकी लाव."

"दुसरीच गेली. कुणाचं काम आहे हे, सांगू?"

"नको सांगूस."

"मिस युलाचं."

"आयोनी, अंगणात चूल पेटव आणि मला पाच मिनिटं लिहू दे."

"पेटवते. पण ती चूलही विझवेल. बघच तू."

आयोनी या घराची स्वयंपाकीण. गेलं वर्षभर या घरात जे काही बिघडतं ते तिच्या मते मिस युला बिघडवते. दूध नासलं, मिस युला. पंप बंद पडला, मिस युला. डीकनच्या मायक्रोफोनने शीळ घातली, तीही मिस युला. त्या शिळेबद्दल माझं दुमत नव्हतं. तिने घातलीच असती.

सुरुवात दुसरी

मित्रहो, मिस पेनीकुक यांनी आपल्या किनाऱ्यावर वेदनारहित मृत्यूची संकल्पना रुजव

संकल्पना! हे ऐकलं असतं तर तिने माझ्या हातातला कागद ओढून बेडपॅनखाली पसरला असता.

झालं ते असं. मोठ्या हॉस्पिटलातून माणसं परत यायची, "आता घरी न्या" एवढं ऐकून. घरी न्यायचं म्हणजे काय करायचं, हे कुणी सांगत नसे. मग ती माणसं मागच्या खोलीत पडून ओरडत राहायची आणि शेजारी रेडिओचा आवाज वाढवायचे. मिस युला तेव्हा जिल्ह्याची नर्स होती. तिने नोकरी सोडली, एका कॉफीच्या व्यापाऱ्याचं पडीक घर मागून घेतलं आणि त्या ओरडणाऱ्यांना एकेक करून तिथे आणलं. तेच हे घर. मी डेलरोज व्हाइट, आता याची मेट्रन.

मॉर्फिनसाठी ती बसने किंग्स्टनला गेली आणि एका साहेबाच्या दाराबाहेर छत्री घेऊन बसून राहिली. साहेब म्हणाला, या लोकांना व्यसन लागेल. ती म्हणाली, "साहेब, व्यसन लागायला आधी जगावं लागतं." तो म्हणाला, सोमवारी या. ती म्हणाली, "सोमवारी तुम्हीच या. माझ्याकडे मुक्काम करा आणि ऐका." त्याने सही करून टाकली.

पण तिची खरी गोष्ट ही नाही. खरी गोष्ट दारात घडायची. नवीन माणूस आला की नाव नंतर, आजार नंतर. पहिला प्रश्न, तोही खेकसूनच: "तोंड कुठल्या बाजूला हवं?"

कुणी म्हणायचं रस्त्याकडे, मुलगा आलाच तर दिसेल. कुणी म्हणायचं स्वयंपाकघराकडे. एका निवृत्त पोस्टमास्तरला संडासाच्या दाराकडे तोंड हवं होतं, कोण किती वेळ घेतं ते बघायला. जो जे म्हणेल तिकडे ती त्याचा पलंग फिरवायची. म्हणून हॉस्पिटलच्या भंगारातल्या ढकलगाड्यांची चाकं काढून आणून तिने घरातल्या एकूण एक पलंगाला बसवली होती. मन बदललं, पुन्हा फिरवा. दिवसातून कितीदाही. मला तर वाटायचं, मी नर्स नसून हमाल आहे.

आणि या बाईच्या स्वतःच्या पलंगाची चाकं डीकन रॅटरेंनी काढली आहेत. ती व्हरांड्यात काचेच्या पेटीत ठेवली आहेत. खाली पितळी पट्टी: "मिस पेनीकुक यांच्या पलंगाची मूळ चाकं." पलंग बोल्टने जमिनीला आवळलाय. खोलीला कुलूप. दारावर मोठी पाटी: "मिस पेनीकुक यांची खोली. जशी होती तशी."

समुद्राकडे खिडकी असलेली आख्ख्या घरातली ती एकच खोली आहे.

वैताग

मिस्टर सीबर्ट फेगन आले ते एका पिकअपच्या मागे, जाळ्यांवर झोपून. सगळं आयुष्य होडीवर गेलेलं. दुखणं यकृतातलं, पोट तटतटून फुगलेलं, बाकी अंगावर काही उरलं नव्हतं. लोक इथे येताना बायबल आणतात, फोटो आणतात. यांनी उशाखाली होडीच्या इंजिनचा पाना आणला होता.

मी विचारलं, तोंड कुठल्या बाजूला?

"हे काय विचारणं झालं? समुद्राकडे."

मी म्हटलं, ती खोली बंद आहे.

"का? कोण आहे तिथे?"

"ती मिस युलाची खोली."

"ती तर गेली ना?"

"हो."

"मग तिला खोली कशाला?"

हा प्रश्न मी डीकनना फोनवर विचारला. जरा सभ्य शब्दांत.

"मेट्रन," ते म्हणाले, "आपण हा विषय समितीपुढे ठेवू."

"समिती कधी बसणार?"

"सोहळा आटोपला की. पुढच्या महिन्यात."

"मिस्टर सीबर्ट पुढच्या महिन्यात नाहीत, डीकन."

"असं तुम्ही कसं म्हणू शकता? आयुष्य देवाच्या हातात असतं."

"पायांवर सूज आली आहे. पेजेचे दोन घोट जात नाहीत. देवाने मलाही थोडंफार कळवलंय."

फोन ठेवला गेला. कुणी ठेवला ते सांगत नाही.

आम्ही त्यांना अंगणातून समुद्राकडे न्यायचा प्रयत्न केला. चाकं खडीत रुतली, पलंगाला हिसका बसला आणि मिस्टर सीबर्टनी ओठ असा चावला की रक्त आलं. परत आत. त्यानंतर ते काही मागायचेच बंद झाले. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत पडून राहायचे. एका सिमेंट कंपनीचं कॅलेंडर, त्यावर ट्रकचं चित्र. मला त्या ट्रकचा राग यायला लागला.

आणि डीकनवर धड रागावताही येईना, हा वेगळाच वैताग. कारण त्यांची बायको व्हिनेट त्याच खोलीत गेली होती, मिस युला शेवटच्या दुखण्यात तिथे राहायला आली त्याच्या आधी काही वर्षं. ते गावाला माहीत आहे. ती समुद्राकडे तोंड करून गेली, आणि डीकन शेवटपर्यंत तिच्या पायाशी बसून होते, शाळेत हेडमास्तर होते तेव्हाचा ताठ कणा तसाच ठेवून.

सुरुवात तिसरी

प्रिय बंधुभगिनींनो, मिस पेनीकुक यांचा स्वभाव अतिशय सौम्य

एक पाद्री आला होता. मरणाऱ्याच्या कानाशी तोंड नेऊन "पश्चात्ताप कर" म्हणून ओरडत होता. तिने त्याची कॉलर धरून त्याला फाटकाबाहेर काढलं. "तू कर आधी. बाहेर सावली आहे, निवांत कर."

सौम्य. बरं.

सोहळ्याचा दिवस

आज सकाळी मंडपवाले आले, खुर्च्या आल्या, फुलं आली. फुलवाल्यासाठी डीकननी खोलीचं कुलूप काढलं, दारावर आडवी जांभळी फीत बांधली आणि पाहुण्यांना आणायला हमरस्त्याला गेले. सोहळा चारचा. कुलूप उघडं.

मी फितीखालून वाकून आत गेले. खाट, खुर्ची, सपाता, आरसा, डॉमिनोचं खोकं. आणि खिडकी. खिडकीत समुद्र नुसता उभा होता, बघायला कुणी नाही.

मी कागद दुमडून एप्रनच्या खिशात कोंबला आणि मिस्टर सीबर्टकडे गेले.

"चला. तुम्हाला त्या खोलीत नेते."

मला वाटलं, ते खूश होतील. त्यांनी डोळे बारीक केले. "खोली फिरवली?"

"म्हणजे?"

"नर्स डेल, तू शहरात वाढलीस की काय? माणूस गेल्यावर नवव्या रात्री खोली फिरवतात, ती फिरवली का? पलंग हलवला? गादी उलटी केली?"

दारात आयोनी, हातात पळी. "मी वर्षभर तेच ओरडतेय! नाही फिरवली! त्या नवव्या रात्री डीकन दारात बायबल घेऊन आडवे उभे राहिले. अंगणात ढोल आहेत, तळलेले मासे आहेत, रम आहे, आख्खं गाव गातंय, आणि हे म्हणतात, आपण ख्रिस्ती माणसं आहोत, खोलीला कुणी हात लावायचा नाही!"

"मग ती आहे तिथेच," मिस्टर सीबर्ट म्हणाले. "तिला कळायचं कसं निघायचं म्हणून? सगळं जिथल्या तिथे. बाईमाणूस खोलीत असताना मी तिच्या पलंगावर जाऊन झोपू? मी नाही जायचा."

मी भुतं मानत नाही. मी माणसं जाताना पाहिली आहेत, पुष्कळ पाहिली आहेत. परत येण्याइतकी ताकद शिल्लक ठेवून कुणी गेल्याचं मला आठवत नाही. पण एकीकडे खोली हलवायची नाही म्हणणारा डीकन आणि दुसरीकडे ती हलवल्याशिवाय येणार नाही म्हणणारा कोळी, आणि मधे मी, चार वाजता पाच मिनिटं स्फूर्ती द्यायची असलेली. मला ओरडावंसं वाटलं. मी ओरडलेही.

"फिरवते! आत्ता फिरवते! आणखी काही? पलंग रंगवून देऊ?"

"रंग नको," मिस्टर सीबर्ट शांतपणे म्हणाले. "रम शिंपडा कोपऱ्यांत. पांढरी. आणि हा घ्या." उशाखालून त्यांनी पाना काढून दिला.

बोल्ट

पान्याचं माप बोल्टला बसेना. आयोनीने मधे फडक्याची घडी घातली. मी जमिनीवर आडवी, इस्त्रीच्या पांढऱ्या गणवेशात. पलीकडच्या खोलीतून मिस्टर सीबर्ट जेमतेम ऐकू येणाऱ्या आवाजात सूचना देत होते.

"डावीकडे!"

"डावीकडेच फिरवतेय!"

"मग तुझी डावी कुठली ते बघ!"

सुटला एकदाचा पहिला. मग दुसरा. चौथा निघाला तेव्हा माझ्या बोटाचं सालपट निघालं होतं आणि अंगणात बोकडाचं सूप करपत असल्याचा वास येत होता.

"मिस युला," आयोनी लगेच म्हणाली.

"तू ढवळलं नाहीस, आयोनी."

आम्ही खाट ओढली. चाकं नसल्यामुळे ती जमिनीवर किंचाळली. उशाची बाजू पायाकडे, खुर्ची पलीकडच्या कोपऱ्यात, आरसा भिंतीकडे तोंड करून. आयोनीने केर थेट दाराबाहेर लोटला, फितीखालून. रम शिंपडली, थोडी स्वतःच्या घशातही शिंपडली, आणि कमरेवर हात ठेवून खोलीला म्हणाली, "निघा आता, मिस युला. बघा, ही खोली तुमची नाही. ओळखू येतेय का? नाही ना? मग निघा. आणि जाताना माझा गॅस सोडा."

मी गादी उलटी केली. खाली डॉमिनोची सोंगटी. दोन्हीकडे सहा ठिपके, डावातली सगळ्यात भारी.

वर्षभर समिती त्या खोक्यातली एक सोंगटी हरवली म्हणून हळहळत होती. डीकन किंग्स्टनहून तशीच जुनी सोंगटी मिळवायच्या खटपटीत होते. हरवली नव्हती. गादीखाली दडवली होती, शेवटच्या आजारपणातही, पुढच्या डावासाठी. बोलायला दम नव्हता तेव्हा माझ्याशी खेळायची ती, आणि मी हरत होते. मला वाटायचं, मीच दयेपोटी हरतेय.

"काय झालं?" आयोनी म्हणाली. "रडतेस?"

"रमचा वास आहे. ती खाट उचल."

मिस युलाची खाट आम्ही मागच्या दाराने बाहेर काढली आणि मिस्टर सीबर्टचा पलंग ढकलत आणला. फितीखालून तो जाईना, म्हणून आयोनीने फीत वर धरली, लग्नातल्या नवरीसारखे ते खालून आत गेले. खिडकीशी मी पलंग वळवला, डोक्याखाली आणखी एक उशी घातली, नारळपाण्यात कापूस भिजवून ओठांवर फिरवला.

त्यांनी समुद्राकडे पाहिलं. बराच वेळ. मी वाट पाहत होते, काहीतरी बोलतील.

"होड्या बाहेर नाहीत आज," ते म्हणाले.

"सगळे सोहळ्याला आलेत. सूप प्यायला."

"आळशी लेकाचे."

आणि त्यांचे खांदे खाली आले. इतके दिवस ते कानांना लागलेले होते. माझ्या ते लक्षातच आलं नव्हतं, खाली आले तेव्हा कळलं.

चार वाजता

बाहेर गाड्या थांबल्या. डीकन रॅटरे काळ्या सुटात, हातात कात्री, मागे पाहुणे. दारापाशी आले आणि थांबले. आत उलटा आरसा, भलतीकडे गेलेली खुर्ची, रमचा घमघमाट, पलंगावर सीबर्ट फेगन.

डीकन माझ्याकडे वळले. मला आरडाओरडा हवा होता, माझं उत्तर तयार होतं. पण त्यांचा आवाज निघाला तो हेडमास्तरचा नव्हता.

"दुसऱ्याच दिवशी," ते म्हणाले. "व्हिनेट गेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी इथे आलो. नुसतं बसायला. तर तिच्या जागी दुसरी बाई. पलंग फिरवलेला. तोंड दाराकडे. माझ्या बायकोचं काही... काही म्हणजे काही नव्हतं इथे. मिस पेनीकुक मला म्हणाली, डीकन, बाजूला व्हा, या बाईंना दार दिसत नाहीये." त्यांनी कात्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "म्हणून मी ठरवलं होतं, एकदा तरी या खोलीत काहीतरी राहील."

मागे पाहुणे घसे खाकरत होते. तिने असं म्हटलं असेल यात मला शंका नव्हती. आणि ती बरोबर होती, आणि ते दुष्टपणाचंही होतं, दोन्ही. ही बाई गेल्यावरसुद्धा माझ्या गळ्यात असली कामं टाकते.

"डीकन," मी म्हटलं, "त्या बाईला मग कुठे ठेवायचं होतं? व्हरांड्यात?"

"मला माहीत नाही," ते म्हणाले. "मला त्या बाईचं काही देणंघेणं नव्हतं. मला व्हिनेट हवी होती."

"कोण आहे तिथे?" पलंगावरून आवाज आला. "डीकन का? बरं झालं. नर्स डेल, माझी पाठ जळतेय. कुशीवर कर. याला म्हणावं, चादरीचं टोक धर."

कूस बदलायला दोन माणसं लागतात. आयोनी अंगणात सूप वाचवत होती. मी डीकनकडे पाहिलं. त्यांनी कात्री कुठे ठेवावी ते शोधलं, शेवटी खिशात घातली, फितीखालून वाकून आत आले.

"घट्ट धरा. मी म्हणेन तेव्हा उचला. ओढू नका, उचला. आता."

त्यांनी ओढलं. मिस्टर सीबर्टनी त्यांच्यासाठी असा शब्द वापरला जो त्या खोलीत समितीच्या काळात उच्चारला गेला नव्हता. पुन्हा केलं. या वेळी उचललं. पाठीखाली उशी सरकवली. डीकनच्या कपाळावर घाम आला होता आणि त्यांचा एक हात मिस्टर सीबर्टच्या खांद्यावर तसाच राहिला होता, काढायला विसरल्यासारखा.

"हां," मिस्टर सीबर्ट म्हणाले. "आता मला दाराकडे वळव."

"काय?"

"दाराकडे. भाषणं आहेत ना? मला ऐकायचीत. समुद्र बघितला मी."

मी देवाशपथ सांगते, त्या क्षणी मला तो पाना हवा होता, आणि बोल्टसाठी नव्हे. आठवडाभर फोन, अंगणातली खडी, ओठाचं रक्त, माझं सोललेलं बोट, करपलेलं बोकड. समुद्र बघितला मी!

"बघितला ना? मग?" ते म्हणाले. "तो काय उठून जातोय?"

डीकननी पलंगाची मागची बाजू धरली. मी पुढची. चाकं कुरकुरत फिरली. पलंग दाराशी आला तर फीत बरोबर मिस्टर सीबर्टच्या डोळ्यांसमोर.

"ही पट्टी मधे येतेय," ते म्हणाले. "काही दिसत नाही."

डीकन उभे राहिले. बाहेर पाहुणे, फोटोवाला, चर्चचा गायकवृंद, सगळे टाळ्यांसाठी तयार. डीकननी खिशातून कात्री काढली, फितीखालून बाहेर गेले आणि पाहुण्यांकडे पाठ करून फीत कापली. फोटोत त्यांची पाठ आली आहे. आणि त्यांच्या काखेखालून मिस्टर सीबर्टचा चेहरा, मान लांब करून बघणारा.

माझं भाषण

माझं नाव पुकारलं गेलं तेव्हा कागद घामाने चिकटला होता. मी उघडलाच नाही. मी म्हटलं, मिस युला डॉमिनोमध्ये लबाडी करायची. आणि खिशातून सोंगटी काढून दाखवली.

चर्चच्या मंडळींनी डीकनकडे पाहिलं. मग मागून एक मच्छीमार म्हणाला, "माझ्या बापाला फसवलं होतं तिने! तो जाईपर्यंत कुरकुरत होता!" आणखी कुणी म्हणालं, माझ्या आईला. मग सगळेच बोलायला लागले, कुणाला कधी कसं फसवलं, आणि पाच मिनिटांची पंचवीस झाली. मिस्टर सीबर्ट पलंगावरून ओरडत होते, "मोठ्याने बोला!" आणि सुपाचा एक चमचा मागत होते. गिळणार नाहीत हे ठाऊक होतं. आयोनीने कापूस सुपात बुडवून ओठांना लावला.

"करपलंय," ते म्हणाले.

नंतर

पुढच्या आठवड्यात मिस्टर सीबर्ट गेले. त्या आठवड्यात त्यांनी समुद्र दोनदा मागितला, दार बऱ्याचदा, आणि शेवटच्या दिवशी भिंत. कोरी भिंत, त्यावर ट्रकही नाही. मी विचारलं, नक्की? त्यांनी डोळ्यांनी हो म्हटलं. मी वळवलं. भिंतीकडे तोंड करून, पाना हाताशी, ते गेले. कशासाठी भिंत, ते मला कळलं नाही, आणि विचारायचं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि आयोनी खोली फिरवायला गेलो तर व्हरांड्यात डीकन. काळा सूट नाही, जुना शर्ट. काचेची पेटी उघडी, चारही चाकं त्यांच्या मांडीवर, आणि ते तेल घालत होते. फार घालत होते, जमिनीवर थारोळं.

"नववी रात्र अजून लांब आहे," आयोनी म्हणाली. "आज फिरवायचं तर..."

"नवव्या रात्रीही फिरवू," मी म्हटलं. "मोरांट बेहून बाई येतेय अकरा वाजता. ती काय नऊ दिवस पिकअपमध्ये थांबेल?"

मिस युलाची खाट आम्ही आत आणली. डीकननी चाकं बसवली, एक उलटं बसवलं, काढून पुन्हा बसवलं. मग त्यांनी खाटेचं टोक धरलं. क्षणभर ते खिडकीकडे तोंड करून थांबले. मी घाई केली नाही. एवढी एक गोष्ट मी केली.

पिकअपचा हॉर्न वाजला. मी दारात गेले, टेकडीवरच्या उन्हात डोळे बारीक केलेल्या, ब्लँकेटात गुंडाळलेल्या त्या बाईजवळ वाकले, पण माझ्या आधी मागून प्रश्न आला. शाळेच्या तासाला विचारावा तसा, फार मोठ्याने.

"तोंड कुठल्या बाजूला हवं?"

बाई दचकली. "ओरडतो कशाला हा? बहिरी नाही मी. स्वयंपाकघराकडे."

डीकननी मान डोलावली आणि खोलीत जाऊन खाट वळवायला घेतली. इतक्या जोरात की चाकं तेलावर सटकली आणि पलंगाचा कोपरा भिंतीवर हातभर ओरखडा काढत गेला.

"डीकन! भिंत! अहो, भिंत बघा!"